बिल बेली हा मुळात वादक की विनोदकार, आणि त्याची कारकीर्द कोठून पाहायला घ्यावी?

पेटीवाला, होटगी रोड

सर्वांना नमस्कार.

मी सोलापुरात हिशेबनिसाची नोकरी करतो आणि वीसेक वर्षांपासून हौसेने पेटी वाजवतो. गेल्या मे महिन्यात, दुपारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची सोय नव्हती तेव्हा, माझ्या मुलाने मला ‘ब्लॅक बुक्स’ ही जुनी ब्रिटिश विनोदी मालिका दाखवली. तिच्यात पुस्तकांच्या दुकानाचा खडूस मालक बर्नार्ड आणि त्याचा लांब केसांचा, दाढीवाला, सोशिक मदतनीस मॅनी अशी जोडी आहे. एका भागात बर्नार्ड मैत्रिणीवर छाप पाडण्यासाठी पियानो वाजवण्याचे सोंग करतो आणि मॅनी पियानोच्या पोटात दडून चमच्यांनी तारा छेडतो. प्रसंग अशक्य कोटीतला असूनही मला राहून राहून वाटत होते की हे काम करणारा नट खरा वादक असला पाहिजे, कारण त्याच भागात तो पियानोसमोर बसतो तेव्हा कोठे पडायचे हे त्याच्या बोटांना ठाऊक असल्यासारखे दिसते. शोध घेतल्यावर कळले की त्याचे नाव बिल बेली असून तो स्टँड-अप करणारा विनोदकार आहे.

तेव्हापासून मी त्याचे कार्यक्रम मिळतील तसे, म्हणजे आधी अलीकडचे, मग मधले आणि शेवटी सुरुवातीचे, असे पाहत आलो आहे आणि त्यामुळे माझा पुरता गोंधळ उडाला आहे. हा गृहस्थ रंगमंचावर येतो, काहीतरी पुटपुटतो, वाक्य अर्धवट सोडतो, गिटार उचलतो, ती ठेवून कीबोर्डकडे वळतो, मध्येच थेरेमिन नावाचे, ज्याला हातसुद्धा लावावा लागत नाही असे रशियन वाद्य हवेत बोटे फिरवून वाजवतो, आणि तरीही सभागृह दोन तास खिळून बसलेले असते. असा विक्षिप्त माणूस चाळीस वर्षे टिकला कसा, हा माझा मुख्य प्रश्न आहे. माझ्या एका मित्राचे ठाम मत आहे की २०२० साली बीबीसीवरील ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ ही नृत्यस्पर्धा त्याने जिंकली म्हणून त्याचे नाव झाले, एरवी त्याला कोणी विचारले नसते.

विचारण्यात थोडा स्वार्थही आहे. गेल्या गणेशोत्सवात एका मंडळाच्या मांडवात मी पेटीवर गमतीचा कार्यक्रम केला. एका जुन्या नाट्यपदाची चाल मोडून मी ती रडक्या सुरांत वाजवली. समोरच्या दीडशे माणसांपैकी माझी पत्नी आणि साउंडवाला असे दोघेच हसले, आणि साउंडवाला मोबाइलवर दुसरेच काहीतरी पाहून हसत होता, हे नंतर कळले. बेली हेच करतो आणि लोक टाळ्या वाजवतात, तर माझे नेमके कोठे चुकले?


निवृत्त मास्तरीण

पेटीवाले, तुमच्या मित्राचा मुद्दा आधी निकालात काढते. नृत्यस्पर्धा जिंकली तेव्हा बेली पंचावन्न वर्षांचा होता, आणि त्या स्पर्धेचा सर्वांत वयस्क विजेता म्हणून त्याचे कौतुक झाले, हे खरे आहे. परंतु त्याच्या बाराएक वर्षे आधी त्याने ‘टिन्सलवर्म’ या कार्यक्रमाचे चित्रीकरण लंडनच्या प्रचंड वेम्ब्ली अरीनामध्ये केले होते आणि २००८ साली रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या वाद्यवृंदासह वाद्यांची ओळख करून देणारा विनोदी कार्यक्रम सादर केला होता. ज्याने ही दोन सभागृहे गाजवली, त्याला नाचून नाव कमवण्याची गरज नव्हती. नाचामुळे एवढेच झाले की जे लोक विनोदाच्या वाटेला फारसे जात नाहीत त्यांच्याही घरात तो पोहोचला.

आता तुमचा मूळ प्रश्न. त्याचे खरे नाव मार्क. जन्म १९६५ चा, बाथ या गावातला. बालपण बाथ आणि ब्रिस्टल यांच्या मधल्या केन्शममध्ये गेले, वडील डॉक्टर आणि आई रुग्णालयात परिचारिका. ‘बिल’ हे नाव शाळेतल्या संगीत शिक्षकांनी दिले, कारण बिल बेली नावाच्या माणसाला घरी परत बोलावणारे एक जुने अमेरिकन गाणे तो पोरगा गिटारवर झकास वाजवत असे. म्हणजे त्याचे रंगमंचावरचे नावसुद्धा एका वाजवलेल्या गाण्यातून आले आहे, आणि तुमच्या शीर्षकातल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला तेथेच दिसते. पुढे इंग्रजी साहित्याची पदवी त्याने वर्षभरात अर्धवट सोडली, पण लंडन कॉलेज ऑफ म्युझिकची पदविका मात्र मिळवली. इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारखीला ही निवड जरा झोंबते, परंतु त्याच्या दृष्टीने ती योग्यच होती.

१९७९ साली लंडनमध्ये कॉमेडी स्टोअर सुरू झाले आणि त्यानंतरच्या दशकात इंग्लंडभर दारूच्या गुत्त्यांच्या वरच्या खोल्यांमध्ये, महाविद्यालयांत, मिळेल त्या जागी विनोदाचे छोटे अड्डे उभे राहिले. बेली त्याच पिढीतला आहे. १९८४ च्या सुमारास त्याने ‘रबर बिशप्स’ नावाची जोडी जमवली, पुढे जोडीदार बदलला, पण गाणी आणि त्यांच्या अधूनमधून निरूपण हा साचा तसाच राहिला. ही दहा वर्षे लोक सहसा ओलांडून जातात, कारण तेथे पुरस्कार नाहीत आणि दूरदर्शन नाही. मला मात्र वाटते की तुम्ही ज्याला पुटपुटणे म्हणता ते तेथेच घडले असणार. ज्या खोलीत समोरचा माणूस हातात प्याला घेऊन तुमच्याकडे पाठ करून उभा आहे, तेथे वाक्य कोठे सोडायचे आणि तार कधी छेडायची, हे एखादे महाविद्यालय शिकवू शकत नाही.

१९९४ साली तो शॉन लॉक या मित्रासह एडिनबराच्या फ्रिंज महोत्सवात ‘रॉक’ नावाचा प्रयोग घेऊन गेला. एक उतारवयाला लागलेला रॉक गायक आणि त्याचे सामान वाहणारा मदतनीस, अशी त्याची कल्पना होती. प्रेक्षक येईनात. एका प्रयोगाला तर सबंध प्रेक्षागृहात एकच माणूस होता आणि तोही डॉमिनिक हॉलंड नावाचा दुसरा विनोदकार! आपल्याकडे पाऊस पडला म्हणून प्रयोग रद्द झाल्याचे आपण ऐकतो, पण एका प्रेक्षकासमोर, तेही आपल्याच धंद्यातल्या माणसासमोर, सगळे विनोद करून दाखवायचे म्हणजे काय होत असेल याची कल्पना करा. त्यानंतर बेली विनोद सोडून फोनवरून माल विकण्याची नोकरी धरण्याच्या बेतात होता. ती त्याने धरली नाही. दुसऱ्या वर्षी, १९९५ साली, तो ‘कॉस्मिक जॅम’ हा एकट्याचा कार्यक्रम घेऊन उभा राहिला, आणि १९९६ साली एडिनबरात विनोदकारांना दिल्या जाणाऱ्या पेरियर पुरस्कारासाठी त्याचे नामांकन झाले.

पुरस्कार त्याला मिळाला नाही. तो मिळाला डिलन मोरन या आयरिश विनोदकाराला, आणि तुम्ही पाहिलेल्या मालिकेतला खडूस बर्नार्ड म्हणजे तोच डिलन मोरन. मालिकेच्या निर्मात्या लेखकांपैकीही तो एक आहे. ज्याच्याकडून हरलो त्याच्याच दुकानात चार वर्षांनी नोकरीला लागलो, असा हा हिशेब आहे. २०००, २००२ आणि २००४ अशा तीन हप्त्यांत मिळून तिचे अवघे अठरा भाग झाले.

येथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती सांगते. १९९८ साली बीबीसीने बेलीला त्याच्या स्वतःच्या नावाची मालिका दिली होती, आणि ती एका हंगामापलीकडे गेली नाही. दूरदर्शनवर त्याला जे यश मिळाले ते दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत मिळाले. मोरनच्या मालिकेतला मॅनी, २००२ ते २००८ या काळात ‘नेव्हर माइंड द बझकॉक्स’ या संगीतविषयक प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात एका संघाचा कर्णधार, ‘क्यूआय’ या तशाच प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमातला वारंवार येणारा पाहुणा, अशी सगळी कामे घ्या. तो दुसऱ्याच्या घरी उत्तम पाहुणा असतो. रंगमंच मात्र त्याचे स्वतःचे घर आहे, आणि दर दोनतीन वर्षांनी नवा कार्यक्रम बांधून तो त्या घरी परत जातो. २००८ साली बझकॉक्स सोडले तेही याच ओढीने, असे मी समजते. टिकण्याचे कारण मला येथे सापडते. मालिका बंद पडली म्हणून त्याचे काम कधीच बंद पडले नाही.

तुमच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाविषयी मात्र पेटीतले कळणाऱ्या कोणीतरी बोलावे. मी फक्त हसणाऱ्यांतली आहे.


स्पष्टच सांगतो

मास्तरीणबाईंचा आदर राखून वेगळे मत नोंदवतो. मला हा माणूस अर्धा तास आवडतो आणि नंतर कंटाळा येतो. विनोद म्हटला की त्याला शेवट पाहिजे. हा विनोद सांगायला घेतो, मध्येच त्याला दुसरे काही आठवते, मग तिसरे, आणि शेवटी गिटार वाजवून वेळ मारून नेतो. आपल्याकडे पुलंसारखा माणूस पेटीही वाजवत असे आणि एकट्याने सभागृहही हसवत असे, पण त्यांचे वाक्य अधांतरी राहत नसे. संगीत हे विनोद न सुचल्याचे पांघरूण असू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.


दत्त चौक

मी गेली अनेक वर्षे मुलांना पेटी शिकवतो, तेव्हा पेटीवाल्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार थोडासा माझ्याकडे येतो. ‘स्पष्टच सांगतो’ यांच्या आक्षेपाचे उत्तरही त्यातच येईल.

बेलीच्या २०१५ च्या ‘लिंबोलँड’ या कार्यक्रमात वाढदिवसाचे गाणे उदास करून म्हटलेले आहे. ते ऐकून मी घरी पेटी काढली आणि करून पाहिले. वाढदिवसाचे नेहमीचे गाणे आपल्या सुरांत असे आहे: पहिल्या ओळीत मंद्र सप्तकातला पंचम दोनदा, मग धैवत, पुन्हा पंचम, मग षड्ज आणि शेवटी मंद्र निषाद. सगळे सूर शुद्ध. आता एवढेच करा की जेथे जेथे धैवत आणि गांधार येतो तेथे तो कोमल घ्या आणि निषाद शुद्धच ठेवा. हे झाले कीरवाणी रागाचे सूर. पहिल्याच ओळीत तिसऱ्या सुरालाच कोमल धैवत लागतो आणि ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. पण खरी मजा तिसऱ्या ओळीत आहे, जेथे मुलाचे नाव घ्यायचे असते. तेथे चाल वरच्या पंचमावर चढते, कोमल गांधारावरून उतरत षड्ज आणि निषाद घेते, आणि दोन अक्षरी नाव असेल तर त्याचे शेवटचे अक्षर नेमके कोमल धैवतावर येऊन थांबते. माझ्या नातवाच्या वाढदिवसाला मी हे वाजवले. केक कापायला सुरी उचललेला पोरगा सुरी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला, आणि मग घरातली अकरा माणसे एकदम हसली. माझी सून म्हणाली, “बाबा, हे गाणे ऐकून वाटते की आज त्याचे एक वर्ष कमी झाले.” तिला कीरवाणी ठाऊक नाही, पण सुरांचा अर्थ तिला बरोबर कळला.

पेटीवाले, तुमची चूक वाजवण्यात नव्हती. नाट्यपद मूळ कसे आहे हेच मांडवातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. जी चाल कानांत पक्की बसलेली नाही, ती मोडली तरी मोडल्याचे कोणाला कळणार? त्यातून नाट्यपदात मुळातच इतके कोमल सूर आणि हरकती असतात की तुमचा रडका सूर लोकांना गायकी वाटली असण्याची शक्यता आहे. बेली निवडतो ते सूर पाहा. वाढदिवसाचे गाणे, राष्ट्रगीते, दूरदर्शनच्या बातम्यांच्या आधी वाजणारे संगीत. ब्रिटनमधल्या प्रत्येक माणसाच्या कानात हे दगडावर कोरल्यासारखे बसलेले आहे. बातम्यांचे संगीत म्हणजे जगबुडीच्या आदल्या रात्रीचा नाचगाण्याचा जल्लोष आहे असे तो म्हणतो आणि त्याच सुरांवर थोडा ताल चढवून दाखवतो, तेव्हा तो खोटे काहीच बोलत नाही. ते सूर त्या संगीतात आधीपासून होतेच.

आता राहिले पांघरूण. संगीत न येणाऱ्याने हे करून पाहावे. एखाद्या संगीतकाराची शैली आठदहा सुरांत ओळखू येईल अशी उभी करणे, म्हणजे लोकांना हसण्यापूर्वी ती ओळखता आली पाहिजे, हे वेळ मारून नेण्याचे काम नाही. २०११ साली तो सोनिस्फियर या हेवी मेटलच्या महोत्सवात मुख्य रंगमंचावर उभा राहिला. समोर हजारो मेटलप्रेमी, ज्यांना कच्चे वादन दुरूनही कळते. तेथे विनोदकार म्हणून सवलत मिळत नाही. आणि पुलंची तुलना मला मान्य आहे, पण उलट्या बाजूने: पुलंच्या बोलण्यात लय होती कारण त्यांच्या हातात पेटी होती. बेलीचे अर्धवट सोडलेले वाक्य मला तिहाई मोडून समेला मुद्दाम हुलकावणी देणाऱ्या तबलजीसारखे वाटते. सम कोठे आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तर चुकवता येते.


पूर्व भागातला

माझी मातृभाषा तेलुगू, शाळा मराठी, शेजार कन्नड. आमच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली बहुतेक मुले अशीच आहेत. त्यामुळे मला बेलीच्या कारकिर्दीतली एक वेगळी बाजू आधी दिसली, ती म्हणजे त्याचा उच्चार.

तो ज्या भागातून येतो त्याला तिकडे वेस्ट कंट्री म्हणतात. तेथील ‘र’ जड असतो, स्वर लांबतात, आणि लंडनच्या माणसाला तो उच्चार ऐकला की डोळ्यांसमोर शेतकरी, गवताची गंजी आणि सफरचंदाची दारू येते. सोलापूरचा माणूस पुण्यात जाऊन “का बे?” म्हणाला की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते, तेच हे हसू आहे. पुण्यात शिकायला असताना वसतिगृहात मी पहिले सहा महिने तोंड उघडायला धजावत नव्हतो. बेलीने लंडनमध्ये जाऊन तो उच्चार झाकला नाही. उलट त्याच संथ, खेडवळ वाटणाऱ्या आवाजात तो विश्वाची उत्पत्ती, तत्त्वज्ञान आणि पुंज भौतिकी यांविषयी बोलतो, आणि ऐकणाऱ्याची फसगत होते, कारण त्या आवाजाकडून त्या विषयाची अपेक्षा नसते. केस खांद्यावर, टाळू मोकळी, हनुवटीवर दाढी, या अवताराचाही तो तसाच उपयोग करतो. आपण अर्धे राक्षस आहोत असे तो म्हणे आणि २००३ च्या सुमाराच्या कार्यक्रमाला त्याने ‘पार्ट ट्रोल’ हेच नाव दिले. लोक हसणारच आहेत तर त्याची किल्ली आपल्या हातात ठेवावी, हे मला वसतिगृहात कळले असते तर बरे झाले असते.

दुसरे म्हणजे त्याचा चॉसर या जुन्या इंग्रजी कवीच्या भाषेतला विनोद. “तीन जण दारूच्या गुत्त्यात गेले” हा तिकडचा झिजून गुळगुळीत झालेला विनोद तो सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत सांगतो. ‘स्पष्टच सांगतो’ यांनी विनोदाला शेवट हवा असे म्हटले आहे, पण येथे शेवट काय होणार हे सगळ्यांना ठाऊकच असते, आणि हसू येते ते तेथपर्यंत जाणाऱ्या भाषेच्या थाटाला. आपल्याकडे याचे रूप कसे होईल? मी तेराव्या शतकातल्या मराठीचा आव आणून पाहिला: “मग तीघै जन खानावळीसि आले. एकें म्हणीतलें: ‘भाकरी कडक असे?’ खानावळीया म्हणे: ‘सोलापुरीं आन काइ असे?’” मास्तरीणबाई व्याकरण तपासतीलच. माझ्या सांगण्याचा हेतू एवढाच की अशा नकलेसाठी ती भाषा अंगात मुरलेली असावी लागते. इंग्रजीची पदवी त्याने सोडली असेल, पण इंग्रजीने त्याला सोडलेले दिसत नाही.


माळरान

विषय थोडा बाजूला नेतो असे वाटेल, पण कारकिर्दीविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. माझी बेलीशी ओळख विनोदातून झालीच नाही. मी पक्षी पाहतो. नान्नजच्या माळावर माळढोकाच्या आशेने काढलेल्या आणि शेवटी चंडोल, धाविक आणि एखादी ससाण्याची झेप पाहून परतलेल्या सकाळी माझ्या खात्यावर पुष्कळ जमा आहेत. इंग्रजी पक्षीविषयक पुस्तके शोधताना मला २०१६ साली निघालेले ब्रिटिश पक्ष्यांवरचे एक पुस्तक सापडले, चित्रे लेखकाने स्वतः काढलेली, आणि लेखक हा. विनोदकाराने नावावर खपवलेले पुस्तक असेल असे समजून मी ते उघडले, पण पक्षी तासन्‌तास न पाहिलेल्या माणसाला तसे लिहिता येत नाही. २०१० साली त्याने पक्षी पाहण्याच्या स्पर्धेवर दूरदर्शन मालिकाही केली होती.

त्याहून महत्त्वाचे काम आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाविषयीचे आहे. नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विनपासून स्वतंत्रपणे वॉलेसला सुचली होती. १८५८ साली त्याने आजच्या इंडोनेशियातून डार्विनला निबंध पाठवला, आणि त्याच वर्षी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. पुढे जगाच्या लक्षात एकच नाव राहिले. बेली इंडोनेशियात वारंवार जात असे, त्याचे लग्नही तेथील बांदा बेटांवर झाले, आणि तेथे फिरताना त्याला वॉलेसचे वेड लागले. वॉलेसच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली त्या २०१३ साली त्याने बीबीसीसाठी दोन भागांचा माहितीपट केला, वॉलेसच्या पाऊलखुणांवरून जंगलात फिरला, आणि लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये वॉलेसचे तैलचित्र पुन्हा लावले गेले तेव्हा त्याचे अनावरण बेलीच्याच हस्ते झाले. रंगमंचावर एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारणारा हा माणूस या एका विषयाला मात्र वर्षानुवर्षे चिकटून राहिला. उगीच विक्षिप्त म्हणून त्याला बाजूला ठेवणाऱ्यांनी तो माहितीपट पाहावा.


पेटीवाला, होटगी रोड

एवढी तपशीलवार उत्तरे येतील असे वाटले नव्हते. सर्वांचे मनापासून आभार. मित्राला हा धागा दाखवला. त्याने सगळे वाचून “नाचही चांगलाच केला होता” एवढेच उत्तर दिले, आणि ते मी मान्य केले.

दत्त चौक यांचे निदान मला पटले, म्हणजे जरा लागलेही. ते नाट्यपद मला पाठ होते म्हणून जगाला पाठ आहे असे मी गृहीत धरले होते. वाढदिवसाचे गाणे काल रात्री वाजवून पाहिले. पत्नी स्वयंपाकघरातून शेंगाचटणीचा खलबत्ता तसाच टाकून बाहेर आली आणि कोण गेले म्हणून विचारू लागली. हे यश समजावे का, ते सांगा.

मात्र मूळ प्रश्नाचा एक भाग राहिला आहे. कोठून सुरू करू? उलट्या क्रमाने पाहिल्याचा दोष माझा आहे, पण आता तो दुरुस्त करायचा आहे.


निवृत्त मास्तरीण

खलबत्ता टाकून बाहेर आली म्हणजे यशच समजा.

क्रम विचारता तर आरंभापासून जाऊ नका. ‘कॉस्मिक जॅम’चे चित्रीकरण १९९६ चे आहे, त्यात उत्साह भरपूर आहे पण तेव्हाचे ब्रिटिश संदर्भ आपल्याला अडतात. मी ‘बिविल्डरनेस’पासून सुरुवात करीन. ते २००१ चे आहे, हात बसलेला आहे आणि सभागृह अजून लहान आहे, त्यामुळे प्रेक्षकांशी चाललेला संवाद ऐकू येतो. मग ‘पार्ट ट्रोल’. त्यानंतर वाद्यवृंदासह केलेला अल्बर्ट हॉलचा कार्यक्रम सावकाश, एका बैठकीत पाहा, कारण पेटीवाल्याला त्यात सर्वांत जास्त मिळेल: एकेक वाद्य पुढे घेऊन त्याची गंमत सांगायची आणि वादकांनी ती तितक्याच गंभीर चेहऱ्याने वाजवून दाखवायची, असा तो मामला आहे. वेम्ब्लीचे चित्रीकरण शेवटी ठेवा. तेथे सभागृह इतके प्रचंड आहे की माझ्या मते त्याच्या पुटपुटण्यातली जवळीक थोडी हरवते. मोठे सभागृह प्रत्येक कलावंताला मानवतेच असे नाही, आणि या एका बाबतीत ‘स्पष्टच सांगतो’ यांच्याशी मी अर्धी सहमत आहे.

पूर्व भागातल्या, तुमचे व्याकरण तपासले. ‘खानावळीया’ला मी गुण दिले आहेत.


स्पष्टच सांगतो

अर्धी सहमती स्वीकारतो. काल अल्बर्ट हॉलचा कार्यक्रम पाहिला, पूर्ण पाहिला, मध्ये चहालाही उठलो नाही. आक्षेप मागे घेत नाही, पण वाद्यवृंदातली माणसे हसू दाबताना पाहून मला काही ठिकाणी माघार घ्यावी लागली. पेटीवाले, येत्या गणपतीत कार्यक्रम असेल तर कळवा. मी समोर बसेन आणि शेवट नसेल तर हसणार नाही.


दत्त चौक

पेटीवाले, चाल निवडताना एक सुचवतो. आरतीला हात लावू नका, मांडवात गैरसमज होईल. वाढदिवसाचे गाणे चालेल, पण ते आता या धाग्यावर सगळ्यांना कळले आहे. सोलापूरच्या माणसाच्या कानात पक्के बसलेले आणखी काय आहे ते शोधा. माझ्या मनात स्थानकावर गाडीची घोषणा होण्यापूर्वी वाजणारे घंटेसारखे सूर आहेत. हुतात्मा एक्स्प्रेसने पहाटे पुण्याला निघालेला प्रत्येक माणूस ते झोपेतही ओळखेल.


पेटीवाला, होटगी रोड

सूचना शिरोधार्य. आज पहाटे फलाटाचे तिकीट काढून स्थानकावर गेलो आणि चार घोषणा होईपर्यंत बाकावर बसून सूर ऐकले. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करत असताना एका हमालाने कोणाला आणायला आला आहात म्हणून विचारले, त्याला काय सांगावे ते सुचेना. घरी येऊन सूर पेटीवर काढले. ते शुद्ध वाजवून दाखवले तर मुलाने दुसऱ्या खोलीतून “गाडी कोणती?” असे विचारले, म्हणजे ओळख पटते. कोमल गांधार लावल्यावर तो दारात येऊन म्हणाला, “उशिरा आहे वाटते.” आता याच्या पुढचे वाक्य मला सुचवायचे आहे. गणपतीला अजून सात आठवडे आहेत.